शंभर फुटी रोडच्या लेझर कटिंग दुकानात केलेलं माझं नॅरोगेज स्टेशन (साडेचार स्टार)

सांगलीत शंभर फुटी रोडला हे दुकान आहे. बाहेरून बघितलं तर नेमप्लेट, ट्रॉफ्या, लग्नातल्या नावाच्या पाट्या, केक टॉपर असलंच सगळं दिसतं, त्यामुळं इथं मॉडेल रेल्वेचं काम होईल असं मला पण वाटलं नव्हतं. गेल्या दिवाळीपासून चार वेळा काम करून घेतलंय. इथले बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळे 'नेमप्लेट छान, वेळेत मिळाली' एवढेच आहेत, त्यात आमच्यासारखं लहान मापाचं नाजूक काम करणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. सहा बाय दोन फुटाच्या प्लायवर मी बार्शी लाईटचं एक लहान स्टेशन करतोय. मिरजेतनं निघून आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव करत पंढरपूर आणि पुढं कुर्डुवाडीला जाणारी ती जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे. 1897 ला बार्शी रोड, म्हणजे आत्ताचं कुर्डुवाडी, तिथनं बार्शीपर्यंत ती सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं बांधली, 1911 ला लातूरला गेली आणि 1927 ला आमच्या मिरजेला आली. आजोबा आषाढीला आरगला चढून पंढरपूरला जायचे, वडील कॉलेजला असताना हिच्यानंच मिरजेला यायचे, मी स्वतः लहानपणी दोनदाच बसलोय पण त्या खिडकीतनं दिसलेला माळ अजून डोळ्यासमोर आहे. आता ती लाईन ब्रॉडगेज झाली, जुने रूळ निघाले, म्हणून मला ती घरात पाहिजे होती.

मापाचं गणित इथं सांगायलाच पाहिजे कारण दुकानात सगळी चर्चा त्याच्यावरच झाली. मी एचओ स्केलमधे करतोय, म्हणजे 1:87, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. बार्शी लाईटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिमी, त्याला 87 नं भागलं की 8.76 येतं, आणि एन स्केल ह्या त्याहून लहान मॉडेलचा रूळ बाजारात 9 मिमीचा मिळतो, म्हणजे पाव मिलिमीटरचा फरक, डोळ्याला कळतच नाही. पण एनच्या रुळाचे स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, 1:160 च्या हिशेबानं केलेले असतात, बारके आणि दाट, ते तसंच ठेवलं तर नॅरोगेज दिसत नाही, खेळण्यातली गाडी दिसते. माझा पुतण्या सातवीत आहे, त्याला 2016 ची पाण्याची गाडी, जलदूत, मिरजेतनं लातूरला गेलेली ती माहितीय, तो म्हणाला काका ती पण पळव की ह्याच्यावर. त्याला समजावून सांगावं लागलं की बाबा ती ब्रॉडगेजची, 1676 मिमी, आपल्या स्केलला सव्वाएकोणीस मिमीचा रूळ लागंल, इथं बसणार नाही.

बिल्डिंग मी आधी हातानं करायचा प्रयत्न केला. माउंट बोर्ड म्हणजे जाड कार्ड, कटर, स्टीलची पट्टी. भिंती जमल्या. खिडकीचे गज नाही जमले. सात फुटाचं दार ह्या स्केलला साडेचोवीस मिमी होतं, त्याच्या शेजारच्या खिडकीतला गज अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास यायला पाहिजे आणि असे पाच गज सारख्या अंतरावर, ते कटरनं होत नाही, तीन रविवार घालवले. मधे एक रेडीमेड स्टेशनचं किट पण बाहेरून मागवलं होतं, कुठलं ते लिहीत नाही. क्वालिटी चांगली होती, पण बर्फ घसरून जावा म्हणून केलेलं उभं छप्पर, लाकडी बाल्कनी, फुलांच्या कुंड्या. ते आरगच्या माळावर ठेवून बघितलं आणि परत खोक्यात घातलं.

मग एका मित्रानं ह्या दुकानाचं सांगितलं, त्याच्या बहिणीच्या लग्नाची पाटी इथनं केलेली. पेनड्राईव्ह घेऊन गेलो. काउंटरला दादा असतात पण मशीन वहिनी चालवतात, हे आधीच लक्षात ठेवा, मापाचं बोलायचं असेल तर वहिनींशीच बोला. मी माझी फाईल दाखवली, त्यांनी स्क्रीनवर झूम करून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कशाच्या शेजारी ठेवायचंय?" मी म्हटलं, रेल्वेच्या. "मग रेल्वे आणा की एक डबा. मला उंची कळंना झालीय नुसत्या आकड्यावरनं." मी दुसऱ्या दिवशी खरंच एक डबा आणि दोन इंचाचा रुळाचा तुकडा घेऊन गेलो. त्यांनी तो मशीनच्या टेबलावर ठेवला, वाकून डोळा टेबलाच्या लेव्हलला आणून बघितलं, आणि म्हणाल्या प्लॅटफॉर्म तुम्ही लई उंच धरलाय, माणूस डब्यात चढतोय कुठं, उतरतोय कुठं. बरोबर होतं ओ! त्या लाईनवरच्या लहान स्टेशनांना प्लॅटफॉर्म जमिनीबरोबरच असायचा, पायरीवर पाय ठेवून चढायचं, आणि मी ब्रॉडगेजच्या सवयीनं उंच काढला होता. गिऱ्हाइकानं दिलेली फाईल निमूट कापून पैसे घेणारी दुकानं पुष्कळ आहेत, इथं थांबून विचारलं.

दुसरी गोष्ट मटेरियलची. मी म्हटलं सनबोर्डमध्ये कापा, हलका असतो, पाण्यानं फुगत नाही. वहिनी सरळ नाही म्हणाल्या. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, लेझरनं जाळला की क्लोरीनचा विषारी धूर निघतो, माणसाला वाईट आणि मशीनच्या आरशांना पण वाईट. तुम्ही कुठल्याही दुकानात गेलात आणि तिथं लेझरवर सनबोर्ड कापतो म्हणाले तर तिथं जास्त वेळ थांबू नका. शेवटी भिंतींना एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, आणि छपराला एक मिलिमीटरचा माउंट बोर्ड असं ठरलं.

आता एमडीएफची जाडी. शीटवर 3 मिमी लिहिलेलं असतं, पण वहिनींनी व्हर्नियर लावला तर 2.7 निघाली. भिंतीत भिंत अडकवायला मी 3 मिमीची खाच काढली होती, तशीच कापली असती तर सगळं स्टेशन हललं असतं. त्यात लेझर स्वतः पण रेषेवर थोडं मटेरियल जाळतो, केसाएवढं, तेही मापातनं जातं. म्हणून त्यांनी आधी शिल्लक तुकड्यावर चार वेगवेगळ्या मापाच्या खाचा कापून दिल्या, 2.4, 2.5, 2.6, 2.7, आणि म्हणाल्या घरी नेऊन बसवून बघा मग सांगा. 2.5 ची घट्ट बसली, फेविकॉल न लावता उभी राहिली. ह्या टेस्टचे पैसे घेतले नाहीत.

दगडी भिंत ही मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. आपल्याकडचा काळा पाषाण, घडीव चिरे, मधी चुन्याच्या सांधी. मी मिरजेतल्या एका जुन्या भिंतीचा फोटो काढला होता, शेजारी फूटपट्टी धरून, त्यावरनं चिरे काढले, सगळे एका मापाचे न करता थोडे लहानमोठे. लेझरनं सांधी कोरल्या, कापल्या नाहीत, नुसत्या पाव मिलिमीटर खोल. घरी येऊन काळपट करडा रंग मारला, वाळल्यावर पातळ पांढरा रंग ओतून फडक्यानं लगेच पुसला, सांधीत राहिला वरचा निघाला. हात लावला तर बोटाला चिरे लागतात. वडलांनी चष्मा लावून बघितलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, हितं चिरा उलटसुलट पाहिजे, एक लांब एक आखूड, कोपऱ्याला सगळे सारखे नसतात. दुसऱ्या फाईलमध्ये ते दुरुस्त केलं.

कौलं पण इथंच. मंगलोरी कौल खरं साधारण 410 बाय 235 मिमीचं असतं, म्हणजे आमच्या स्केलला 4.7 बाय 2.7. एकेक कौल चिकटवणं शक्यच नाही, म्हणून माउंट बोर्डच्या लांब पट्ट्या, खालच्या कडेला कौलाचा आकार कापलेला आणि दोन कौलांच्या मधी कोरलेली रेघ. अशा पट्ट्या खालनं वर एकावर एक चढवत जायच्या, खऱ्या कौलासारख्याच. पहिल्या पट्टीच्या कडा जळून काळ्या आल्या. वहिनींनी पॉवर कमी केली, स्पीड वाढवला, वरनं मास्किंग टेप लावून कापलं, मग धुराचा डाग टेपवर आला आणि कार्ड स्वच्छ राहिलं. ती टेप काढायला मला आख्खी संध्याकाळ लागली, 56 पट्ट्या होत्या, पण बायको आणि पुतण्या दोघं बसले बरोबर. रंग मारताना सगळी कौलं एका लाल रंगात मारू नका, दहातलं एक जरा काळं, एक जरा फिकं, कारण फुटलेलं कौल बदलतात आणि नवं वेगळं दिसतं.

स्लीपरचं काम तिसऱ्या वेळी. 17 मिमी लांबीचे 400 स्लीपर दोन मिमी एमडीएफमधे कापून घेतले, एनच्या रुळाचे एकाआड एक प्लॅस्टिकचे स्लीपर काढले आणि त्या जागी हे सरकवले. एमडीएफमधनं करंट जात नाही त्यामुळं शॉर्टची भीती नाही. मशीनवर हे काम 20 मिनिटांत झालं, रेट मिनिटावर असतो, मला शीट धरून 340 रुपये पडले. हे 400 तुकडे हातानं एका मापात कापायचे म्हटलं तर मी आज हा रिव्ह्यू लिहीत नसतो, अजून कापतच बसलो असतो.

आता अर्धा स्टार का कापला. पहिली ऑर्डर घरी आणली आणि दार मोजलं तर साडेतेवीस भरलं, साडेचोवीस पाहिजे होतं. सगळंच चार टक्क्यांनी लहान. झालं असं की त्या दिवशी वहिनी नव्हत्या, मुलगा होता मशीनवर, मी पीडीएफ दिली होती, ती उघडताना पानाच्या मापात बसवली गेली आणि कुणी परत मोजलंच नाही. मुलगा म्हणाला एवढ्यानं काय होतंय. माझ्या कामात एवढ्यानंच होतंय, कारण दारात उभा केलेला स्टेशन मास्तर चौकटीला टेकला. मला ते शब्द लागले. संध्याकाळी वहिनींना फोन केला, त्यांनी काही वाद न घालता परत कापून दिलं, पण शीटचे निम्मे पैसे मला भरावे लागले आणि ते मला पटलेलं नाही. माप फाईलवर लिहिलेलं होतं. शिवाय लग्नसराईत आपलं लहान काम मागं पडतं, दोन दिवस म्हणाले तर आठ दिवस धरा. आणि जुलैमधे घेतलेलं एमडीएफ दमट होतं, घरी आठवड्यात एक भिंत वाकली. पावसाळ्यात घेतलंत तर पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंनी रंगाचा हात मारून टाका आणि सपाट वजनाखाली ठेवा.

बाकीच्या सीनरीसाठी मला सांगली-मिरजेच्या बाहेर जावं लागलं नाही. हा दुकानाचा रिव्ह्यू आहे तरी थोडं लिहितो, कारण बिल्डिंग नुसत्या प्लायवर ठेवून उपयोग नाही. डोंगराला परदेशी लोक प्लास्टर क्लॉथ वापरतात, ते म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, हाड मोडल्यावर लावतात तीच पीओपीची बँडेज, आणि मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत कुठल्याही मेडिकलला मिळते. थर्माकोल कापून चढ-उतार केला, वर बँडेजचे तुकडे कोमट पाण्यात बुडवून एकावर एक टाकले, हातानं गुळगुळीत केले, काही मिनिटांत धरतं. थर्माकोलवर स्प्रे पेंट किंवा फेविबॉण्ड लावू नका, विरघळून खड्डा पडतो, फेविकॉलच वापरा.

माती आरगचीच आणली, मुरूम. कढईत भाजून घेतली म्हणजे बुरशी धरत नाही, आणि चहाच्या गाळणीनं चाळली. आईनं ती कढई आता मलाच देऊन टाकलीय. रुळाखालची खडी क्रशरवरनं आणलेली बारीक कच चाळून केली. खरी खडी 50-60 मिमीची असते, भागून अर्धा-पाऊण मिलिमीटर होते, साधारण रव्याएवढी. इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या काळ्या दगडात लोहाचा अंश असतो, चुंबक फिरवला की काळी पूड मिशीसारखी चिकटून येते. ही पूड राहिली तर इंजिनच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन बसते आणि गिअर खराब होतात. मी जुन्या स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाच-सहा वेळा फिरवला, तेव्हा कुठं यायचं थांबलं. मग खडी पसरून ब्रशनं सारखी केली, साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला, आणि निम्मं फेविकॉल निम्मं पाणी डोळ्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतनं थेंब थेंब सोडलं. साबण नसला तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो, आत जात नाही.

गवत हिरवं विकत घेऊ नका. आपला मिरज पूर्वचा माळ आठ महिने पिवळाच असतो. मी बारदानाचे धागे बारीक कातरून वापरले, त्याचा मूळ रंगच बरोबर आहे. बाभळी तांब्याच्या तारा पिळून केल्या, मोटर रिवायंडिंगवाल्याकडं जुनी तार किलोवर मिळते, वर भांडी घासायच्या स्क्रबरचा चुरा, वरनं चपटी छत्री ठेवायची, गोल केली की आंब्याचं झाड होतं. ओढा कोरडाच ठेवलाय.

आणि ह्या महिन्यातलं चौथं काम म्हणजे द्राक्षबाग. कवठेमहांकाळच्या बाजूला रुळाला लागून बागा आहेत, त्या नसल्या तर ती लाईन ओळखूच येणार नाही. नऊ फुटाची ओळ म्हणजे साडेएकतीस मिमी, पाच फुटावर झाड म्हणजे साडेसतरा. वेली चढवायचे इंग्रजी Y आकाराचे खांब, म्हणजे वायचे अँगल, लेझरनं कापून घ्यायचे होते. एमडीएफमधे केले तर वायच्या मानेतच मोडायला लागले. वहिनींनीच दोन मोडून बघितले आणि म्हणाल्या हे नको, कार्डमधे घ्या, वाकंल पण मोडणार नाही. माउंट बोर्डचे 150 वाय कापले, घरी प्रत्येकाला फेविक्विकचा थेंब पाजला, कार्ड ते पितं आणि कडक होतं. जुन्या वायरीतली केसासारखी तार वरनं ओढली. दादा स्वतः कवलापूरचे, घरची बाग आहे, त्यांनी काउंटरवरनं उठून येऊन बघितलं आणि म्हणाले, "कडंच्या वायला ताण कुठाय? शेवटच्या खांबाला मागं तार ओढून जमिनीत दगड पुरतात, न्हाईतर सगळी बाग एका पावसात झोपतीया." ते मी केलं नव्हतं. आता प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकाला तिरकी तार आहे आणि खरंच, ती तार लावल्यावर बाग बाग दिसायला लागली.

चारही वेळचं मिळून, ती दुसऱ्यांदा कापलेली शीट धरून, 2,150 रुपये झाले. त्या रेडीमेड किटला ह्याच्यापेक्षा जास्त गेले होते.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी अकरानंतर जा, वहिनी तेव्हा असतात. फाईल कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमधे द्या, पीडीएफ नको, कापायची रेघ लाल आणि कोरायची काळी ठेवा, आणि कोपऱ्यात 50 मिमीचा एक चौकोन काढून ठेवा म्हणजे कापल्यावर तिथल्या तिथं व्हर्नियरनं मोजता येतो. मोजल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिल्लक तुकडे मागितले तर फुकट देतात, त्याच्यातनं माझा गुरांचा गोठा आणि दोन बाकडी झाली. पार्किंग समोर नाही, गल्लीत लावावी लागते.

स्टेशनची पिवळी पाटी अजून राहिलीय. मराठी, हिंदी, इंग्रजी, तीन ओळीत आरग, काळी अक्षरं. वहिनी म्हणाल्या दीड मिलिमीटरच्या अक्षराचा काना जळून जाईल, आधी तुकड्यावर करून बघूया. फाईल काल दिलीय, शनिवारी बोलावलंय.